सल्ला हवा : ऐकण्याच्या बैठकीत ‘निऑन बायबल’ लावावा, की दुसऱ्या कुणाचा दुसरा अल्बम?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी.

मालवण ते देवगड पट्ट्यातले आम्ही काही जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एक अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. मध्ये बोलायचं नाही, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचे. संपला की चहा, आणि मग ज्याला जे वाटलं ते त्याने मोकळेपणी सांगायचं. कॉलेजातली मुलं आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक होडीमालक काका आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काका अगदी नेमाने येतात.

मागच्या बैठकीत आर्केड फायर या मॉन्ट्रियलच्या बँडचा पहिला अल्बम ‘फ्युनरल’ (२००४) लावला होता. इतका मनापासून प्रतिसाद आजवर कशालाच मिळाला नव्हता. ‘वेक अप’मध्ये सगळे मिळून शब्दांविना स्वर लावतात, तिथे शिक्षिकाबाईंनी डोळे मिटले ते गाणं संपेपर्यंत उघडले नाहीत. सगळ्यात जास्त बोलणं झालं ते ‘पॉवर आउट’वर. ऐन थंडीत वीज गेलेल्या गावाचं ते गाणं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर काढलेल्या काळोख्या रात्री आमच्यातल्या प्रत्येकाला आठवतात, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता सगळ्यांचं म्हणणं, याच बँडचा दुसरा अल्बम लावू. मी ‘निऑन बायबल’ (२००७) एकटीने ऐकला आणि अडखळले. जड वाटला. पहिल्या अल्बममध्ये माणसं दार उघडून आत घेतात, इथे कुणीतरी उंचावरून बोलतंय असं वाटत राहिलं. आमच्यातल्या ज्या दोघांनी तो आधी ऐकलाय त्यांची मतंही टोकाची आहेत. एक म्हणतो नुसता गजर आहे, दुसरी म्हणते की पहिल्यापेक्षा हाच जास्त खरा.

तर विचारायचं असं, की हाच लावावा की दुसऱ्या एखाद्या बँडचा दुसरा अल्बम घ्यावा? लावला तर क्रमानेच ऐकवावा, की मधल्या एखाद्या गाण्यापासून सुरुवात करावी? आणि एक अगदी घरगुती अडचण : या वेळची बैठक जुलैत आहे, घर कौलारू आहे पण पडवीला पत्रे आहेत. पाऊस लागला की एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. त्याचं काय करता येईल?

सड्यावरून

ताई, हाच लावा. मी रत्नागिरीत राहतो आणि माझ्या मते हा अल्बम समुद्राकाठी ऐकण्यासारखा आहे. कारण सांगतो.

‘फ्युनरल’ घरातल्या दुःखातून आला. तो तयार होत असताना बँडमधल्या अनेकांच्या घरची माणसं एकामागून एक गेली, म्हणून ते नाव. शेजार, आईवडील, बर्फ, लहानपण. दुसऱ्या अल्बममध्ये तीच माणसं घराबाहेर बघतात, आणि बाहेर भीती आहे. युद्ध आहे, टीव्ही आहे, देवाच्या नावाने चाललेला व्यापार आहे, आणि सगळ्याखाली पाणी आहे. गाण्यांची नावंच बघा : ‘ब्लॅक वेव्ह’, ‘ओशन ऑफ नॉइज’, ‘द वेल अँड द लाइटहाउस’. ही तीन गाणी अल्बमच्या मध्यावर लागोपाठ येतात. मला तोच या अल्बमचा गाभा वाटतो.

‘ब्लॅक वेव्ह’चा पहिला भाग रेजीन शासान्य गाते. आवाज हलका, चाल उड्या मारणारी, मध्येच फ्रेंच. मग गाणं एकदम काळवंडतं आणि पुरुषी आवाज येतो. लगेच ‘ओशन ऑफ नॉइज’ संथपणे सुरू होतं आणि शेवटी ट्रम्पेट येतात तेव्हा छातीवरचं ओझं जरा हलतं. त्यानंतरच्या गाण्यात विहिरीच्या तळाशी अडकलेला माणूस पुढे दीपगृहात राहायला येतो, आणि आता तो जागा सोडू शकत नाही, कारण सोडली तर जहाजं फुटतील. या वळणावर तालही बदलतो. आमच्याकडे भगवती किल्ल्याच्या टोकाला दीपगृह आहे, तुमच्याकडे देवगडला आहे. पावसाळ्यात तो झोत फिरताना बघत मोठे झालेल्या माणसाला हे गाणं कळायला इंग्रजीची पदवी लागत नाही.

आता तुम्हाला जे उंचावरून बोलल्यासारखं वाटलं त्याबद्दल. त्याचं एक साधं कारण जागा आहे. बँडने क्वेबेकमधल्या फार्नम गावातलं एक छोटं चर्च विकत घेऊन तिथे स्टुडिओ केला आणि अल्बमचा बराच भाग तिथे ध्वनिमुद्रित केला. ‘इंटरव्हेन्शन’मधला पाइप ऑर्गन मात्र मॉन्ट्रियलच्या सेंट जाँ बाप्टिस्ट चर्चमधला आहे. ऑर्केस्ट्रा आणि समूहस्वर बुडापेस्टला जाऊन घेतले. म्हणजे हा आवाज मुळातच मोठ्या, उंच छताच्या जागांचा आहे. मोबाइलच्या स्पीकरवर किंवा कानातल्या साध्या बोंडावर त्याचा गजर होणारच.

क्रम मोडू नका. फक्त आधीच सांगून ठेवा की इथे ‘वेक अप’ शोधायचं नाही.

चौथा_डबा

सड्यावरून यांच्या लिहिण्यातली कळकळ पोहोचली, तरी माझा सल्ला वेगळा आहे. ‘निऑन बायबल’ आत्ता नको.

‘फ्युनरल’मध्ये प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा आहे. अ‍ॅकॉर्डियन कुठे आलं, व्हायोलिन कुठे थांबलं, सगळं ऐकू येतं. दुसऱ्या अल्बममध्ये सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर आहेत, खालचे स्वर गढूळ आहेत. ध्वनिमुद्रणापेक्षाही मला खटकतात ते शब्द. ‘विंडोसिल’मध्ये टीव्ही, युद्ध, अमेरिका यांची यादी येते. यादी खरी असेल, पण यादीने माणूस हलत नाही. ‘पॉवर आउट’मध्ये काळोखातली मुलं दिसतात. इथे मला विधानं दिसतात. अल्बम निघाला तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आला, त्यामुळे लोकांनी तो नाकारला असं कुणी म्हणू नये. पण विकत घेणं वेगळं आणि पुन्हापुन्हा लावावासा वाटणं वेगळं.

दुसरा अल्बमच हवा असेल तर पिक्सीज या अमेरिकन बँडचा ‘डूलिटल’ घ्या. एप्रिल १९८९, फोर-ए-डी या ब्रिटिश इंडी, म्हणजे बड्या कंपन्यांपासून स्वतंत्र असलेल्या, कंपनीचा. पंधरा गाणी आणि तरी चाळीस मिनिटांच्या आत संपतो. आदल्या वर्षीचा ‘सर्फर रोझा’ ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने खरखरीत, उघडा ठेवला होता. तो ज्यांना जीव की प्राण होता त्यांना ‘डूलिटल’ निर्माता गिल नॉर्टनच्या हातून फार घासूनपुसून आल्यासारखा वाटला. मला ती सफाई आवडते. कडवं दबक्या आवाजात आणि ध्रुवपद एकदम अंगावर, ही त्यांची रीत पुढे कितीतरी बँडनी उचलली. तिची ताकद नीट कळायला आवाज स्वच्छच लागतो.

समुद्र त्यातही आहेच. ‘मंकी गॉन टू हेवन’ हे समुद्रात साठत गेलेल्या घाणीचं आणि आभाळाला पडलेल्या भोकाचं गाणं आहे, मागे चेलो आणि व्हायोलिन. तीनेक मिनिटांत सगळं सांगून मोकळं होतं. बंदरावर राहणाऱ्या माणसाला ते दोनदा ऐकवावं लागणार नाही.

खाडीपलीकडे

दोघांचेही मनापासून आभार. चौथा डबा, ‘डूलिटल’ काल रात्री ऐकला आणि फार आवडला. पण एक शंका : आमच्या शिक्षिकाबाईंना आणि काकांना किंचाळणारा आवाज चालेल का? ‘फ्युनरल’ त्यांना भावला तो त्यातल्या समूहगायनामुळे. बाई म्हणाल्या होत्या की आरतीला सगळे उभे राहतात तेव्हा सूर न लागणाराही सुरात येतो, तसं वाटलं.

पेटीवालो

मी कुडाळचो, भजनात पेटी वाजवतंय. इंग्लिश गाण्यातले शबुद माका कळणत नाय, तां आधीच सांगतंय. पण झिलान परवा ह्यां ‘इंटरव्हेन्शन’ लायलां आणि पयलोच सूर आयकान मी हातातलां काम बाजूक ठेवलंय.

आमच्या पेटीत भातो मारलो काय वारो पितळेच्या पट्टीवरसून जाता, पट्टी थरथरता आणि सूर निघता. भातो जोरात मारलो तर आवाज वाडता, हलको ठेवलो तर कमी जाता. म्हणान पेटीवालो बुवाच्या दमाबरोबर आपलो दम घेऊ शकता. दशावतारात पायपेटी आसता, थयसरय तसांच. राजा रंगमंचार इलो काय पायपेटीवालो तेच्या पावलांकडे बघान वाजवता.

ह्या चर्चच्या ऑर्गनात वारो नळयेत जाता. बोट जोरात दाबा नायतर हळू दाबा, आवाज तेवढोच. सूर धरलो काय धरलोच. गाणारो कितको आरडलो, कितको रडलो, तरी ऑर्गन तेच्यासाठी वाकणा नाय. ह्या गाण्यात माका ताच आयकाक इलां. माणूस जीव तोडून गाता आणि ऑर्गन आपल्या जाग्यार ताठ उभो. झिलान मगे अर्थ सांगल्यान, काय गाणां देवळाची आणि लढायची चाकरी करून घरच्यांका गमावलेल्या माणसाचां आसा. माका तो आधीच कळल्यासारखो वाटलो.

माझो सल्लो येवढोच. बैठकीक कोणाकडे पेटी आसली तर आणा. गाणां लावच्या आधी पेटीवर एक सूर धरून, भातो कमीजास्त करून दाखवा. मगे ऑर्गन आयकवा. फरक सगळ्यांका आपसूक कळतलो.

सड्यावरून

पेटीवाले काका, ऑर्गनबद्दल इतकं नेमकं मी कुठेच वाचलं नव्हतं. ‘इंटरव्हेन्शन’ मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ऑर्गन वाकत नाही ही गोष्ट कानाला जाणवत होती, तिचं कारण आज तुमच्याकडून मिळालं.

शेवटचं ‘माय बॉडी इज अ केज’ही ऐका. त्यात ऑर्गन आधी दूर असतो आणि मग सगळं व्यापून टाकतो. तुमचं मत वाचायला मी इथे पुन्हा येईन.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. चौथा डबा यांनी ‘विंडोसिल’ला यादी म्हटलं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

त्या गाण्यात भरती चढत जाते आणि गाणारा म्हणतो की ते पाणी मला माझ्या खिडकीच्या कठड्यावर बघायचं नाहीये. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरून हेच बघत होतो. पाणी कुठवर आलंय ते सांगायला खिडकी हीच खूण होती. आधी अमक्याच्या खिडकीखाली, मग खिडकीला, मग खिडकी दिसेनाशी. त्या गाण्यातला माणूस ओरडत नाही. पहिली कितीतरी मिनिटं तो जवळजवळ सपाट आवाजात एकेक गोष्ट नाकारत जातो : हे नको, तेही नको, बापाच्या घरात राहायचं नाही, या देशात राहायचं नाही. पाणी चढताना माणसं अशीच बोलतात. मोठं रडणं नंतर येतं, गाळ काढताना.

ही यादी आहे हे खरं. पण ज्याच्याकडे आवरायला थोडाच वेळ उरलाय त्याची ती यादी आहे.

ते गाणं आमच्या पुराबद्दल नाही, हे मला कळतं. ते अमेरिकेतल्या एका काळाबद्दल आहे, युद्ध आणि टीव्ही आणि कर्ज यांच्याबद्दल. कॅनडात बसून कुणीतरी ते लिहिलं. पण त्याने भीतीसाठी निवडलेली खूण आमच्या घराची निघाली, म्हणून मला ‘निऑन बायबल’ पहिल्या अल्बमपेक्षा जवळचा आहे.

ताई, एक विनंती. तुमच्या बैठकीत पुराचा किंवा वादळाचा फटका बसलेलं कुणी असेल तर हे गाणं येणार आहे याची त्यांना आधी कल्पना द्या. आणि गाणं संपल्या संपल्या ‘कसं वाटलं’ असं त्यांना विचारू नका.

चौथा_डबा

वाशिष्ठीकाठ, तुमचं लिहिणं वाचून ते गाणं आत्ता पुन्हा लावलं. अल्बम गढूळ आहे या मतावर मी कायम आहे. पण त्या सपाट आवाजाकडे तुम्ही बोट दाखवलंत त्याबद्दल ऋणी आहे. पुढच्या वेळी कुणाला हे गाणं ऐकवताना तुमचं हे म्हणणं मी सोबत सांगेन.

रीळ_टू_रीळ

आवाजाच्या बाजूने थोडं सांगतो. मी वेंगुर्ल्यात जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो.

पाइप ऑर्गनची सोळा फुटी नळी सुमारे ३३ हर्ट्झचा स्वर देते. मोबाइलचा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली जवळपास मुका होतो, आणि हातात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरची १०० हर्ट्झच्या खाली दमछाक होते. म्हणजे ऑर्गनचा पाया त्यातून येतच नाही, वरचा कर्कश भाग तेवढा येतो. ‘निऑन बायबल’ नुसता गजर आहे असं म्हणणाऱ्या तुमच्या सदस्याने तो कशावर ऐकला ते आधी विचारा. चौथा डबा म्हणतात तो गढूळपणा अल्बममध्ये आहेच, दाट मिश्रण आहे. पण गढूळ पाया आणि गायब पाया या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

घरात कुणाकडे जुना स्टीरिओ असेल, दोन लाकडी पेट्यांचा, तर तो आणा. गावातल्या साउंडवाल्याचा डीजे संच आणू नका, तो मोकळ्या मैदानासाठी असतो. दोन्ही स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा, एकमेकांपासून साधारण जितके लांब तितकेच ऐकणाऱ्यांपासून लांब. भिंतीला अगदी चिकटवू नका आणि कोपऱ्यात तर नकोच, कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात आणि मग चौथा डबा यांचं म्हणणं दुपटीने खरं होईल. खाली लादी आणि भिंती उघड्या असतील तर सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगा. फरक लगेच कळतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने तारांची टोकं काळी पडतात आणि खरखर येते, म्हणून जोडण्याआधी ती स्वच्छ करून घ्या.

आता पाऊस. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्टीत पसरलेला असतो. तो आधी हळू गाण्यांना गिळतो. या अल्बमचं शीर्षकगीत जेमतेम सव्वादोन मिनिटांचं आहे आणि जवळजवळ कुजबुजीत गायलंय. मुसळधार असेल तर ते गेलंच समजा. म्हणून पडवीत बसू नका, माजघरात बसा. कौलांचा आवाज पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि माजघर घराच्या मध्यावर असल्यामुळे पडवीचा आवाजही अडतो. पाऊस वाढला म्हणून आवाजाचं बटण वर नेत राहू नका, मोठी गाणी आली की कान दुखतील. सर थांबेपर्यंत दोन गाण्यांच्या मध्ये थांबलात तरी चालेल. वीज जाईल हे धरून चाला. अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर चालतो का ते आदल्या दिवशी तपासा. आणि गाणी आधीच उतरवून ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर बसू नका.

भाट्याचा_वारा

दुसऱ्या अल्बमवर लोकांच्या प्रतिक्रिया अशा टोकाच्या का येतात, यावर थोडं. पहिल्या अल्बमसाठी बँडकडे अख्खं आयुष्य असतं, गावातल्या छोट्या कार्यक्रमांत घासून घासून गाणी तयार झालेली असतात. दुसरा लिहायचा तो दौऱ्यावर, घाईत, आणि लोकांच्या नजरेखाली. मग पहिल्यासारखा केला तर ‘तेच ते’, आणि बदलला तर ‘आमचा बँड कुठे गेला?’

स्ट्रोक्सचं बघा. २००१ च्या पहिल्या अल्बमने धुमाकूळ घातला. दुसऱ्यासाठी त्यांनी रेडिओहेडच्या निर्मात्यासोबत, नायजेल गॉड्रिचसोबत, काम सुरू केलं, ते जमलं नाही आणि पुन्हा जुन्याच गॉर्डन राफाएलकडे आले. ‘रूम ऑन फायर’ (२००३) तेहतीस मिनिटांचा आहे. लोक म्हणाले, पहिलाच पुन्हा दिलाय. माझ्या मते त्यातलं गिटारचं काम पहिल्याहून बारीक आहे, आणि तो अल्बम आजही त्याच्या वाट्याचं प्रेम मिळण्याची वाट बघतोय.

दुसऱ्या टोकाला स्टोन रोझेस. पहिला १९८९ मध्ये. मग जुन्या कंपनीशी करारावरून कोर्टकचेरी, आणि दुसरा ‘सेकंड कमिंग’ थेट डिसेंबर १९९४ मध्ये. इतकी वर्षं डोळे लावून बसलेल्यांना हलक्या, नाचऱ्या गाण्यांऐवजी जड ब्लूज गिटार मिळाली. निराशा समजण्यासारखी आहे. तो मी कुणाला सुचवणार नाही.

गंमत म्हणजे स्टोन रोझेसचा तो पहिला अल्बम करणारा जॉन लेकी याच सुमारास रेडिओहेडचा दुसरा अल्बम ‘द बेंड्स’ (१९९५) करत होता. तिथे उलटं घडलं. एका गाण्याचा बँड म्हणून लोकांनी त्यांना बाजूला ठेवलं होतं आणि दुसऱ्या अल्बमने ते मत पुसलं. कंपनी मोठी होती, त्यामुळे काटेकोर इंडीवाले त्याला आपला म्हणणार नाहीत. पण ताई, तुमच्या बाईंना आणि काकांना चालेल असा आवाज हवा असेल तर ‘द बेंड्स’ जरूर यादीत ठेवा. त्यात चाली आहेत, गळा आहे, आणि शेवटच्या गाण्यातलं गिटार सरीसारखं एकसुरात कोसळत राहतं.

खाडीपलीकडे

किती भरभरून लिहिताय सगळे. अजून एक विचारते. आमच्यातल्या दोघांना इंग्रजी नीट येत नाही आणि तेही ऐकायला तितक्याच ओढीने येतात. शब्द कळावेत असा एखादा हिंदी किंवा मराठी दुसरा अल्बम आहे का? इंडी रॉकच हवा.

भाट्याचा_वारा

हिंदीत दिल्लीच्या द लोकल ट्रेनचा ‘वाक़िफ़’ (२०१८). पहिला ‘आलस का पेड़’ २०१५ चा. त्यातली ‘छू लो’, ‘आओगे तुम कभी’ ही गाणी कॉलेजातल्या मुलांना पाठ असतील. दुसऱ्यात गिटार जड झाली, शब्द स्वतःशी भांडणारे झाले. पहिल्यातली कोवळी प्रेमगाणी ज्यांना हवी होती ते जरा हिरमुसले. मला ‘खुदी’ आणि ‘गुस्ताख़’ यांच्यासाठी दुसराच जास्त आवडतो. त्यात गाणाऱ्याला काहीतरी सिद्ध करायचंय आणि ते ऐकू येतं.

आर्केड फायरनंतर लगेच लावू नका मात्र. दोन वेगळ्या खोल्या आहेत, एका दिवशी एकच उघडा.

सड्यावरून

इंग्रजी न येणाऱ्यांसाठी एक करता येईल. प्रत्येक गाण्याआधी दोन-तीन वाक्यांत मराठीत सांगायचं : कोण बोलतंय, कुणाशी, आणि काय मागतंय. ओळीओळीचा अर्थ नको, त्याने ऐकणं तुटतं. उदाहरणार्थ, ‘अँटीक्राइस्ट टेलिव्हिजन ब्लूज’च्या आधी एवढंच : एक देवभोळा बाप देवाकडे मागतोय की माझ्या मुलीला रंगमंचावर मोठं कर, आणि हे देवासाठी मागतोय की स्वतःसाठी, ते त्याचं त्यालाच नीट कळत नाहीये. पुढचं आवाज सांगतो. त्या गाण्याची चाल धावत सुटते आणि बाप शेवटी ज्या प्रश्नावर तुटतो तिथेच गाणं कापलं जातं.

आणखी एक, ‘नो कार्स गो’बद्दल. हे मुळात बँडच्या २००३ च्या छोट्या रेकॉर्डवरचं गाणं. ज्यांनी ते आधी ऐकलं होतं त्यातल्या अनेकांना जुनं, ओबडधोबड रूपच प्रिय आहे. दुसऱ्या अल्बममध्ये ते मोठ्या वाद्यवृंदासह पुन्हा केलंय. मला नवं रूप जास्त आवडतं, कारण ‘विंडोसिल’च्या लगेच पुढे येतं. पाणी खिडकीशी आलंय आणि त्यानंतर जिथे गाड्या, जहाजं, विमानं पोहोचत नाहीत अशा जागेची हाक येते, सगळ्यांनी मिळून दिलेली. ताई, तुमच्या बाईंना हवं असलेलं समूहगायन ते हेच. त्यांना सांगा, शेवटून दुसऱ्या गाण्यापर्यंत धीर धरा.

वाशिष्ठीकाठ

सड्यावरून यांच्याशी पूर्ण सहमत. ‘विंडोसिल’वर अल्बम बंद करू नका, तुमच्याकडे वेळ कमी असला तरी. त्याच्या पुढचं गाणं ऐकल्याशिवाय कुणालाही घरी पाठवू नका.

पेटीवालो

‘माय बॉडी इज अ केज’ आयकलंय. ह्या गाण्यात ऑर्गन वाकणा नाय तां खरां, पण हय गाणारोच ऑर्गनाइतको ताठ होता. दोघव एकाच उंचीर येतत. माझ्या मतान ताच शेवटाक व्हयां. बैठक कुडाळपासून लांब नसात तर पेटी घेऊन मी येतंय. माका जाग्याचो निरोप धाडा.

खाडीपलीकडे

ठरलं. ‘निऑन बायबल’, क्रमाने, पूर्ण. माजघरात बसणार आहोत. शेजारच्यांकडे दोन लाकडी पेट्यांचा जुना स्टीरिओ आहे, तो ते द्यायला तयार आहेत. रीळ टू रीळ, तारांची टोकं आजच साफ करून घेतली. प्रत्येक गाण्याआधीचं मराठीतलं निवेदन कॉलेजातल्या मुली लिहिताहेत, सड्यावरून यांनी बापाच्या गाण्यासाठी लिहिलेलं तसंच्या तसं घेतलंय. ‘विंडोसिल’बद्दल सगळ्यांना आधी निरोप जाईल. आमच्यातल्या एकांच्या दुकानात वादळात पाणी शिरलं होतं, त्यांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

पेटीवाले काका, बैठक आचऱ्याजवळ आहे, कुडाळहून एसटीने सहज येता येईल. उतरायला सोय आहे. निरोप वेगळा पाठवला आहे.

पुढच्या बैठकीला ‘वाक़िफ़’ आणि त्याच्या पुढे ‘डूलिटल’ असा बेत आहे. चौथा डबा, चालेल ना?

चौथा_डबा

चालेल, पण क्रम बदला. ‘डूलिटल’ आधी लावा. ऑगस्ट उजाडला की होड्या बाहेर पडतील, नारळी पौर्णिमेनंतर तर तुमचे होडीमालक काका कधी मोकळे असतील याचा नेम नाही. ‘मंकी गॉन टू हेवन’ त्यांनी ऐकावं अशी माझी फार इच्छा आहे. जुलैअखेरचा एखादा रविवार धरा, मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने कणकवलीला उतरेन. येताना ‘सर्फर रोझा’ही आणतो. दोन्हींतलं एकेक गाणं पाठोपाठ लावलं की अल्बिनीचा आवाज कुठे संपतो आणि नॉर्टनचा कुठे सुरू होतो ते सगळ्यांना ऐकता येईल.